हसू डोळ्यांपर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न : छायाचित्र काढताना मी हसतो, तरी ते हसू ओढूनताणून आणल्यासारखे दिसते. असे का होते? अशा हसण्याचा काही उपयोग तरी असतो का?

उत्तर : गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरणारा स्नायू आकुंचन पावला, की ओठांचे कोपरे वर ओढले जातात, हे आपल्याला ठरवून करता येते. डोळ्याभोवती कड्यासारखा पसरलेला स्नायू मात्र अनेकांना हवा तेव्हा नीट आवळता येत नाही. मनापासून हसू आले, की तो आपसूक आवळला जातो, गाल वर सरकतात आणि डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या उमटतात. छायाचित्रात नेमक्या त्याच हरवतात. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेने चेतवून हा फरक १८६२ मध्ये नोंदवला होता.

उपयोगाचे म्हणाल, तर मुद्दाम हसल्यानेही मन किंचित प्रसन्न होते, असे १९ देशांतील स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. परिणाम अल्पच होता, त्यामुळे हसण्याला औषध म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. (हसायला कपाळाला आठ्या घालण्यापेक्षा कमी स्नायू लागतात, हे लोकप्रिय गणितही निराधारच आहे.) पुढच्या वेळी ओठ ताणण्याऐवजी एखादा खरोखरचा गमतीदार प्रसंग आठवून पाहा.