घटस्फोट मध्यस्थीने मिटवला तर आपण पडतं घेतलं असं होतं का?

तुम्ही लिहिलंय, तुमचे वकील म्हणतात मध्यस्थीला बसा आणि माहेरचे म्हणतात पडतं घेऊ नकोस, कोर्टातच बघून घेऊ. माझे मामा मला अगदी हेच म्हणाले होते. अजूनही लग्नकार्यात भेटले की चारचौघांत म्हणतात. म्हणून लिहायला बसले.

पडतं घेणं अजिबात नाही. कोर्टात निकाल न्यायाधीश देतात, मध्यस्थीत तुमच्या सहीशिवाय एक ओळसुद्धा ठरत नाही. जमलं नाही तर तडजोड झाली नाही एवढंच मध्यस्थ कोर्टाला कळवतात. आत कोण काय बोललं ते पुरावा म्हणून पुढे आणता येत नाही. मामांना वाटायचं, कोर्ट काम टाळण्यासाठी मध्यस्थीला पाठवतं. तसं नाही. कौटुंबिक न्यायालयाचा 1984 चा कायदाच, कलम 9, कोर्टाला सांगतो की आधी समेटाचा प्रयत्न करा.

माझी केस पुण्यात होती. वेगळं दोघांनाही व्हायचं होतं, अडलं होतं ते मुलीच्या ताब्यावरून आणि दागिन्यांवरून. अर्ज, म्हणणं, प्रतिज्ञापत्र असं करत करत कागदावरची आम्ही दोघं आम्हालाच ओळखू येईनाशी झाली होती.

मध्यस्थ म्हणून एक ज्येष्ठ वकीलबाई होत्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत दोन्हीकडच्या नातेवाइकांना बाहेर बसायला सांगितलं. मामांच्या रागाचं मूळ तिथे आहे. मग त्या आमच्याशी वेगवेगळ्या बोलल्या. नवरा त्यांच्याकडे जे बोलला ते त्याची परवानगी घेऊन त्यांनी मला सांगितलं: नात आता गणपतीला चिपळूणच्या घरी कधीच येणार नाही, या भीतीने त्याच्या आईने जेवण सोडल्यासारखं केलं होतं. ताब्याचा अर्ज त्यातून आला होता. माझी भीती वेगळी होती, की तो तिला शाळेतून परस्पर घेऊन जाईल आणि परत पाठवणार नाही. दोन्ही कुठल्याच अर्जात नव्हतं!

मग ते कागदावर आलं. मुलगी माझ्याकडे राहणार. गणपती बसल्यापासून गौरीविसर्जनापर्यंत चिपळूण, दिवाळी माझ्याकडे, उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी. शाळेतून न्यायचं तर आदल्या दिवशी कळवायचं. न्यायाधीशांनी फार तर अमुक शनिवारी इतके तास भेट असं लिहिलं असतं. गौरीचं जेवण कोणत्या घरी हे त्यांनी का ठरवावं?

दागिन्यांबद्दल मामा सगळ्यांना सांगतात की मी पाणी सोडलं. लग्नाचे फोटो समोर ठेवून यादी केली आणि माहेरच्या पाटल्या, ठुशी, तोडे सगळं परत घेतलं. सासूबाईंनी घातलेला हार मात्र मी देऊन टाकला. तोही कायद्याने माझं स्त्रीधनच होता, हे मला पक्कं माहीत होतं. मला तो घरात नको होता. माझ्या दागिन्याचं काय करायचं हे मी ठरवलं, त्याला हरणं म्हणत नाहीत. मामांची स्वतःची जमिनीची केस भावाशी वर्षानुवर्षं चालू आहे आणि दोघं एकमेकांच्या दारात जात नाहीत. त्यांनी मला लढायला शिकवू नये.

ठरलेलं नवऱ्याने पाळलं नाही तर, हेही तुम्ही विचारलंय. मध्यस्थीच्या कागदाने घटस्फोट होत नाही. तो कोर्टात दाखल होतो आणि परस्परसंमतीचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली चालतो. कोर्टाने त्या अटींवर हुकूमनामा केला की न पाळणाऱ्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. पण हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पैशांचे टप्पे पाडा आणि शेवटचा डीडी दुसऱ्या मोशनच्या दिवशी, म्हणजे दोघं पुन्हा कोर्टात संमती सांगता त्या दिवशी, कोर्टातच घ्या. अर्ज आणि दुसरी मोशन यांच्या मधले सहा महिने माफ होऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं सांगितलंय, पण ते कोर्टाच्या मर्जीवर आणि तुम्ही किती काळ वेगळे राहताय त्यावर आहे. 498 अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस (जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85) असेल तर ती समझोत्याने आपोआप जात नाही, उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावी लागते. हे आधीच कागदात लिहून घ्या. मुलाची पोटगी मात्र कोणाच्याही आग्रहाने सोडू नका, तो हक्क मुलाचा आहे. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात फी लागत नाही.

हे सगळं दोघं एका खोलीत न घाबरता बसू शकत असतील तर. तुमच्या प्रश्नात मारहाणीचा उल्लेख नाही, पण ती असेल किंवा नवरा मिळकत लपवत असेल तर समझोत्याची घाई करू नका. मारहाण असेल तर आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळवा. मिळकतीसाठी मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल करायला लावा, आकड्यांवर त्यानंतर बोला.