स्पुतनिक म्हणजे वाटेचा सोबती

प्रश्न : कोविडच्या लसीच्या वेळी 'स्पुटनिक' हे नाव पुन्हा कानावर आलं. हा शब्द इंग्रजी शब्दकोशातही सापडला. त्याचा मूळ अर्थ काय? 'सैनिक'मधला 'निक' तोच का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : रशियनमध्ये 'स' म्हणजे सह, 'पुत' म्हणजे वाट आणि 'निक' हा बहुतेक वेळा माणूस दाखवणारा प्रत्यय. झाला वाटेचा सोबती. हा 'पुत' आणि आपल्या 'पांथस्थ'मधला पंथ एकाच मुळाचे.

ओझरच्या विमान कारखान्यात मी रशियन कागदपत्रांची भाषांतरं करायचो. तरीही स्पुतनिक म्हटलं की मला आकाशातला गोळाच, म्हणजे सोव्हिएत रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रहच दिसे. एका रविवारी तिथला एक रशियन इंजिनिअर माझ्याबरोबर भांडी बाजारात पितळी तांब्या घ्यायला निघाला. बसमध्ये त्याच्या ओळखीचा माणूस भेटला, तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मोय स्पुतनिक." माझा सोबती! नाशिक येईपर्यंत मी तो शब्द मनात घोळवत होतो. पृथ्वी आपल्या वाटेने चाललेली आणि कुणीतरी तिच्या सोबतीला. चंद्रालाही रशियन माणूस पृथ्वीचा स्पुतनिकच म्हणतो.

४ ऑक्टोबर १९५७ ला ८३.६ किलो वजनाचा, ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा अवकाशात गेला आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याचं नाव जसंच्या तसं उचललं. सोबतीचा अर्थ मात्र मागेच राहिला, याची मला हळहळ वाटते. 'निक'ने तिथे वेगळाच संसार थाटला. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणाऱ्यांमुळे तो अमेरिकेत आधीपासून होता. स्पुतनिकने तो घराघरांत नेला. डिसेंबर १९५७ मध्ये अमेरिकेचं रॉकेट उड्डाणतळावरच कोसळलं, तेव्हा त्याला 'कापुटनिक' म्हणून हिणवलं गेलं; 'कापुट' म्हणजे मोडून पडलेलं. १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी रूढ चाकोरी झुगारणाऱ्या तरुणांसाठी 'बीटनिक' शब्द घडवला. युद्धविरोधकांसाठी 'पीसनिक' आला.

'सैनिक'चं म्हणाल, तर तो 'निक' नव्हे. सेना अधिक इक; 'न' सेनेचाच.

आणि तो 'ट'. रशियन उच्चारात दातांवर जीभ टेकणारा स्वच्छ 'त' आहे. इंग्रजीच्या दारातून शब्द आपल्याकडे आला म्हणून त्याचा 'ट' झाला. मराठीकडे 'त' असताना तो का सोडायचा? मी 'स्पुतनिक'च लिहितो.