चिनी कांदापातीची पोळी (त्सोंग यौ बिंग) घरी केली की कडक होते, पापुद्रे सुटत नाहीत. काय चुकतंय?

बहुतेक पीठ गार पाण्यात मळलं जातंय. २ वाट्या मैद्याला साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी घालून आधी चमच्याने कालवा, मग मळून अर्धा तास झाकून ठेवा. पापुद्र्यांसाठी नुसतं तेल पुरत नाही. चमचाभर मैद्यावर कडकडीत तेल ओतून साटा करा, आपण करंजीला लावतो त्याचाच भाऊ. पोळी पातळ लाटून साटा, मीठ आणि चिरलेली पात पसरा. पात अगदी कोरडी हवी, ओली राहिली की लाटताना फाटते. सुरळी करून गोगलगायीसारखी गुंडाळा, १० मिनिटांनी हलक्या हाताने लाटा. मध्यम आचेवर, तेल सढळ. हात आखडता घेतलात तर तो पराठाच होईल! उतरवण्याआधी उलथन्याने कडा आत ढकला, पापुद्रे मोकळे होतात.