कॅमेरा-शंका: एक फ्लॅश, एक खोली आणि पाच प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये घरातल्याच खोलीत पोर्ट्रेट काढू पाहणाऱ्यांचे प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांकडे एक फ्लॅश, साधारण 60 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) आणि ट्रायपॉड एवढंच सामान आहे. तेवढं पुरतं.

प्रश्न : भिंत पांढरीशुभ्र आहे, पण फोटोत ती मळकट करडी येते. काळी पार्श्वभूमी हवी असते तेव्हाही करडीच! दोन्ही वेळा करडी का?

उत्तर : भिंतीचा रंग इथे दुय्यम आहे. दिव्यापासून, म्हणजे फ्लॅशपासून, चेहरा किती लांब आणि भिंत किती लांब, यावर सगळं ठरतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. तुमचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून 1 मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी 1 मीटरवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या पाव प्रकाश पडतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप उतरला की प्रकाश निम्मा, चढला की दुप्पट). पांढरी भिंत दोन स्टॉपने उतरली की करडीच दिसणार.

काळी हवी असेल तर दिवा चेहऱ्याजवळ आणा, अगदी 50 सेंटिमीटरपर्यंत, आणि बसणाऱ्याला भिंतीपासून 2 मीटर पुढे घ्या. आता भिंत दिव्यापासून चेहऱ्याच्या पाचपट लांब आहे, म्हणून तिच्यावर पंचविसावा हिस्सा प्रकाश पडतो. साडेचार स्टॉपचा फरक पडला की पांढरी भिंतसुद्धा जवळजवळ काळी होते. दिवा 1 मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणताना चेहऱ्यावरचा प्रकाश चौपट होतो, तेव्हा फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या 1/4 वरून 1/16 वर उतरवायला विसरू नका.

एवढं करूनही भिंत दिसत असेल तर प्रकाश छतावरून आणि बाजूच्या भिंतींवरून उसळून तिथे पोहोचतो आहे. लहान खोलीत हा त्रास हमखास होतो. सॉफ्टबॉक्सला ग्रिड (उजेड बाजूला पसरू न देणारी जाळी) लावा. नसेल तर दिवा आणि भिंत यांच्यामध्ये काळं कापड टांगा. खोलीतल्या उजेडाची तपासणी मात्र सगळ्यात आधी करायची : आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, शटर 1/160 सेकंद अशी सेटिंग ठेवून फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो ठार काळा आला पाहिजे. त्यात खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा.

पांढरी भिंत मिळवायला उलट करायचं. दिवा 3 मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे जेमतेम अर्ध्या मीटरवर ठेवली, तर फरक अर्ध्या स्टॉपहूनही कमी राहतो. पण एवढ्या लांबून तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने लहान होतो आणि सावल्या कडक पडतात. शिवाय भिंतीवर माणसाची सावलीही दिसते. त्यामुळे शुभ्र पार्श्वभूमीसाठी दुसरा फ्लॅश घेऊन तो फक्त भिंतीवर मारणं चांगलं. चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप जास्त पुरे. त्याहून वाढवलात तर भिंतीचा उजेड लेन्समध्ये शिरून केसांच्या कडा खातो आणि अख्खा फोटो फिका पडतो.

प्रश्न : फ्लॅश लावून शटर 1/320 सेकंदावर ठेवून फोटो काढला की एका कडेला काळा पट्टा येतो. शटर बिघडलं का?

उत्तर : नाही. शटरचे दोन पडदे असतात. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा बंद व्हायला लागतो आणि फ्लॅश चमकतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा 1/160 ते 1/250 च्या दरम्यान असते. स्वस्त ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारं बिनतारी उपकरण) किंचित उशीर करतात, म्हणून मर्यादेहून एक पायरी खाली राहा. अंधाऱ्या खोलीत शटरचा वेग वाढवून चेहऱ्यावरचा फ्लॅश कमी होत नाही. त्यासाठी अॅपर्चर, आयएसओ किंवा फ्लॅशची ताकद बदलायची. आणि सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर चालू असेल तर ते बंद करा. त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांवर फ्लॅश पेटतच नाही.

प्रश्न : चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसतो. चष्मा काढायला सांगू का?

उत्तर : कशाला? रोज चष्मा लावणारा माणूस तो काढला की अनोळखी दिसतो. काच आरशासारखी वागते : चेहरा कॅमेरा आणि दिवा यांच्या बरोबर मधोमध वळलेला असला की दिवा काचेतून सरळ लेन्समध्ये येतो. दिवा वर चढवा. चष्म्याच्या काड्या कानांवर अर्धा सेंटिमीटर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतील. तेवढी उचल फोटोत कळत नाही. मोठ्या सॉफ्टबॉक्सची खालची कड खूप खाली येते, म्हणून चष्म्यासाठी लहान दिवा सोयीचा.

प्रश्न : फ्लॅशला लाल जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून तो पार्श्वभूमीवर मारतो, पण रंग गुलाबी आणि विटका येतो. जेल दुहेरी करू का?

उत्तर : जेल दुहेरी करण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, मुख्य दिव्याचा पांढरा उजेड भिंतीवर सांडत असेल तर तो लाल रंगात मिसळून गुलाबी होतो. पहिल्या उत्तरातलं अंतर आणि ग्रिड इथेही लागू. दोन, जेलच्या फ्लॅशची ताकद जास्त आहे. रंगीत प्रकाश जास्त झाला की तो पांढऱ्याकडे झुकतो, कमी केला की गडद होतो. एकेक स्टॉप उतरवत तीन फोटो काढून शेजारी ठेवून बघा. भिंत करडी किंवा काळी असेल तर रंग आणखी खोल येतो, कारण सांडलेला पांढरा उजेड ती गिळते. ताकद मात्र वाढवावी लागते.

प्रश्न : एकाच फोटोत एकाच माणसाचा समोरचा आणि बाजूचा चेहरा हवा आहे. कॅमेऱ्यात मल्टिपल एक्स्पोजरची (एकाच फोटोवर अनेक फोटो घेण्याची) सोय नाही. संगणकावर न जोडता जमेल का?

उत्तर : जमेल, आणि संगणकावर जोडण्यापेक्षा यात मजा जास्त आहे. खोली पूर्ण अंधारी, पार्श्वभूमी काळी आणि बसणाऱ्याच्या मागे किमान 2 मीटर लांब. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ 100, एफ/8, शटर 10 सेकंद, 2 सेकंदांचा टायमर. खोलीतले दिवे चालू असताना डोळ्यांवर फोकस घ्या, ते बंद करा आणि मग लेन्स मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात ती फोकस शोधत बसेल. फ्लॅशशिवाय 10 सेकंदांचा एक फोटो काढून तो काळा येतो का बघा. दाराखालची फट आणि लॅपटॉपचा दिवा 10 सेकंदांत बरंच काही उजळवतात.

इथे फ्लॅश कॅमेऱ्यावर नाही, सोबत्याच्या हातात असतो आणि तो टेस्टच्या बटणाने पेटवायचा. ताकद 1/8 ठेवा, म्हणजे दुसऱ्या वेळेला तो लगेच तयार होतो. बसणाऱ्याने आधी तोंड डावीकडे करायचं. सोबत्याने डाव्या बाजूने, चेहऱ्याच्या किंचित मागून फ्लॅश मारायचा. त्यामुळे कपाळ, नाक, ओठ, हनुवटी एवढीच कड उजळते आणि गाल अंधारात राहतो. मग बसणारा कॅमेऱ्याकडे वळतो, सोबती पाठीमागून फिरून उजवीकडे जातो आणि तिथून दुसरा फ्लॅश मारतो. समोरच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा उजळतो, डावा अर्धा अंधारात राहतो आणि त्या अंधारातून पहिली कड दिसते.

बिघडतं ते बहुधा इथेच. दुसरा फ्लॅश समोरून मारला तर पहिली कड त्यात बुडते, कारण सेन्सरवर प्रकाशाची बेरीजच होते, वजाबाकी नाही. डोकं वळताना बाजूला सरकलं तर दोन चेहरे सुटे पडतात. स्टूल हलू देऊ नका आणि मानेमागे स्टँडचा दांडा टेकायला द्या. फ्लॅशच्या भिंतीकडच्या बाजूला काळ्या कागदाची पट्टी रबरबँडने बांधा, म्हणजे उजेड मागे जाणार नाही. सोबत्याने काळे कपडे घालावेत आणि हातातलं घड्याळ काढून ठेवावं. ते फोटोत चमकतंच.