माऊथ ऑर्गनवर पोट भरतं का?

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे. घरात चार माऊथ ऑर्गन असताना आणखी दोन मागतोय. म्हणतो, ब्लूज आणि रॉक वाजवणार, अमेरिकेत लोक यावर जगतात. त्याचे बाबा बोलेनासे झालेत. काय करू? – एक आई, सांगली

ताई, आधी त्या चाराचं बघू. त्याचा दहा छिद्रांचा बाजा एकाच पट्टीचा असतो, त्यामुळे वादकाच्या पेटीत डझनभर निघतात. ही उधळपट्टी नव्हे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दर्दभरं संगीत. गंमत म्हणजे ब्लूजवाले पांढरी एकच्या (पेटीवरची पहिली पांढरी, इंग्रजीत सी) बाजावर पांढरी पाचमध्ये वाजवतात, म्हणजे पांढरी पाचला सा धरून. तिसऱ्या छिद्रातून श्वास ओढला की शुद्ध गंधार लागतो. जीभ मागे घेऊन तोच श्वास वाकवला की सूर कोमल गंधारावर उतरतो, मींड घेतल्यासारखा. एकदा समोर बसवून ऐका. तो सूर ठरल्या जागी थांबत असेल तर पोराने मेहनत घेतलीय. नुसताच कण्हत असेल तर अजून वेळ आहे.

आता पोटाचं. नुसता माऊथ ऑर्गनवाला म्हणून फार थोडे जगतात, अमेरिकेतसुद्धा. तिथले नावाजलेले माऊथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टर हे ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या बँडमध्ये साथीला होते. 1952 साली त्यांची निव्वळ वादनाची रेकॉर्ड आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिली आली, तेव्हा त्यांनी स्वतःचा बँड काढला. आणि ते गायचेही. दुसरे माऊथ ऑर्गनवाले पॉल बटरफिल्डही बँडचे म्होरके आणि गायक. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले भानु गुप्ता माऊथ ऑर्गनबरोबर गिटारही वाजवायचे. तेव्हा पोराला गळा तयार करायला सांगा, गाणी बसवायला आणि चार जणांना एकत्र ठेवायला शिकू द्या. हे शेवटचं सगळ्यात अवघड, मी भजनी मंडळ मोडताना पाहिलंय.

अमेरिकेतलेच माऊथ ऑर्गनवाले चार्ली मसलव्हाइट यांचं उदाहरण बाबांना जरूर सांगा. 1962 साली ते कारखान्यात काम मिळेल म्हणून शिकागोला गेले आणि झुरळं-ढेकणांची फवारणी करणाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. त्या फेऱ्यांत शहरभरचे ब्लूज क्लब त्यांना कळले. ग्रॅमी मिळालं 2014 मध्ये, गायक-गिटारवादक बेन हार्परबरोबरच्या अल्बमला, सत्तरीला टेकल्यावर! मधल्या काळात दारूने त्यांना पुरतं धरलं होतं. 1987 साली ती सुटली. त्याच वर्षी बटरफिल्ड अमली पदार्थांच्या अतिसेवनाने चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. या धंद्यात रात्री मोठ्या असतात. हे त्याच्यापासून लपवू नका.

बी.कॉम. करू द्या, शक्य असेल तर पुण्या-मुंबईत, कारण सोबत वाजवणारी मुलं तिथे भेटतील. फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल असला की त्याला घेऊन जा. बाबांनाही न्या. त्यांचा राग बहुधा वाद्यावर नाही, न दिसणाऱ्या पगारावर आहे. म्हणून हिशेबाची बाजू पोरानेच मांडावी. कॉमर्सचा आहे ना!

राहिले ते नवे दोन. कोणत्या पट्टीचे हवेत, एवढंच विचारा. गिटारवाल्यांना पांढरी तीन आणि पांढरी सहा सोयीच्या, कारण तिथे मोकळ्या तारा कामी येतात. वर सांगितलेल्या एक-पाचच्या हिशेबाने त्यांच्याबरोबर ब्लूज वाजवायला अनुक्रमे पांढरी सहा आणि पांढरी दोनचे बाजे लागतात. त्याने हेच दोन सांगितले, तर समजा की तो खोलीत एकटा वाजवत नाही, कुणाबरोबर तरी बसतोय. मग घेऊन द्या.