नवरा-बायको दोघांनी वर्षभर परदेशात जाऊन स्वयंसेवा करणं झेपतं का?

तुम्ही विचारलंय की नोकरीतून वर्षभर बाजूला होऊन दोघांनी मिळून परदेशात स्वयंसेवा करावी का, आणि करून आलेल्यांना आता त्याबद्दल काय वाटतं. आम्ही दोघं टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वांझा भागातल्या एका गावात वर्षभर राहून आलो. मी सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे आणि नवरा आरोग्य केंद्रातल्या औषधसाठ्याचं काम बघायचा.

झेपतं. पण दोघांनाही आपापलं काम असेल तरच. साहेब वेगळे, वेळापत्रक वेगळं, जबाबदारी कागदावर वेगवेगळी लिहिलेली. बऱ्याच जोड्यांमध्ये एकाला पद मिळतं आणि दुसरा ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोबत निघतो. आमच्याबरोबर प्रशिक्षणाला असंच एक जोडपं होतं. तो दिवसभर कामात, ती खोलीत एकटी, भाषा येत नाही, ओळखी नाहीत. वर्ष पुरं व्हायच्या आत ती एकटी परत गेली. तिच्यात काहीच कमी नव्हतं. तिला सकाळी उठून जायला जागा नव्हती, एवढंच.

माझ्या शाळेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्या वर्षाने मला जे दिलं ते तिथेच. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिकला गेलं की सगळे विषय एकदम इंग्रजीत. मराठी माध्यमातून थेट अकरावी सायन्सला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात 2016 पासून सरकारी माध्यमिक शाळांची फी माफ झाली, त्यामुळे वर्ग खच्चून भरलेले, एका बाकावर दाटीवाटीने बसलेली मुलं. फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर इंग्रजीत शाब्दिक उदाहरण लिहिलं की सगळे मान खाली घालून वही सुबक रेघांनी आखत बसायचे. शेजारच्या वर्गावरचे शिक्षक एकदा आत आले, तेच उदाहरण स्वाहिलीत वाचून दाखवलं, आणि मागच्या बाकापर्यंत हात वर गेले. गणित त्यांना येतच होतं! त्यानंतर आम्ही दोघं मिळून तास घ्यायला लागलो. मी उदाहरणं काढायची, त्यांनी आधी स्वाहिलीत समजावायची, मग मुलांनी तीच इंग्रजीत मांडायची, कारण पुढे बोर्डाची परीक्षा इंग्रजीतच असते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन्ही भाषांतले शब्द लिहून भिंतीला लावले. त्या सरांची पद्धत तीच राहिली, मी असले-नसले तरी. याचा मला मनापासून आनंद आहे.

नवऱ्याने पहिल्यापासून एक गोष्ट ठरवली होती: आपण गेल्यावर बंद पडेल असं काही करायचं नाही. हा माणूस इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, पण तिथे त्याने कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि प्रत्येक औषधाच्या खोक्यापाशी कागदी बिन कार्ड रोज भरलं जाईल एवढंच बघितलं. आलं किती, गेलं किती, उरलं किती. हा हिशेब नीट असला तरच सरकारी मेडिकल स्टोअर्सकडे (केंद्रांना औषधं पुरवणाऱ्या सरकारी खात्याकडे) मागणी वेळेत आणि बरोबर जाते. बाहेरून बघणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण मार्च ते मे या मोठ्या पावसात त्यालाच मलेरिया झाला. नर्सने बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, पंधरा-वीस मिनिटांत दुसरी रेघ उमटली, आणि गोळ्या कपाटात होत्या. तीन दिवसांचा कोर्स. त्या तीन दिवसांत शेजारच्या मामांनी (तिथे मोठ्या बाईला मामाच म्हणतात) मला पाणी भरू दिलं नाही, की रात्री एकटीला बसू दिलं नाही.

नात्याचं म्हणाल तर तिथे मराठीत बोलायला आम्हाला आम्हीच. भांडण झालं तरी दुसऱ्या खोलीत जाऊन बहिणीला फोन लावावा तर रेंज नसायची. म्हणून आम्ही आठवड्यातल्या काही संध्याकाळी मुद्दाम वेगवेगळ्या घालवायचो. तो मैदानावर फुटबॉलला, मी शिक्षिकांबरोबर. परत आल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी नवीन असायचं, आणि मला वाटतं त्यानेच आम्हाला तारलं. मुलंबाळं किती, हे मात्र सगळे विचारतात, अगदी पहिल्या भेटीत. आम्हाला मूल नाही आणि तो विषय माझ्यासाठी हळवा आहे. सुरुवातीला मी रडवेली व्हायचे. मग कळलं की ‘अजून नाही’ एवढं उत्तर तिथे पुरतं, त्यापुढे कुणी खोदून विचारत नाही. तुमच्या घरात असा एखादा नाजूक विषय असेल तर त्याचं उत्तर दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा.

संस्था निवडताना काय बघाल? संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 पासूनचा आहे आणि भारतीयांना खुला आहे, पण तिथे एकेका पदासाठी एकेकाची निवड होते, त्यामुळे जोडीने एकाच गावी जाल याची खात्री धरू नका. अमेरिकेचा पीस कोअर हा स्वयंसेवक कार्यक्रम फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. कुठल्याही संस्थेकडून गेलात तरी दोघांची कामाची पत्रं निघण्याआधी हातात घ्या. टांझानियाच असेल तर स्वयंसेवकांसाठीचं क्लास सी रेसिडेन्स परमिट दोघांच्याही नावाने काढायला सांगा. आणि त्याच गावात आधी राहून आलेल्या कुणाशी तरी फोनवर बोला, शक्यतो दोघांनी वेगवेगळं बोला. प्रश्न वेगळे निघतील.

नोकरीचं म्हणाल तर नवऱ्याला बिनपगारी रजा मिळाली आणि मी राजीनामा दिला होता. परत आल्यावर मला नवी नोकरी लागायला बरेच महिने गेले, तोवर घर एका पगारावर चाललं. तेवढी तरतूद जाण्याआधी करून ठेवता येत असेल तर जरूर जा.