आधी मदरबोर्डला विचारा: जुन्या डेस्कटॉपबद्दल वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ‘जुन्या पीसीत काय काय बदलू?’ असं विचारणारी पत्रं वाढली आहेत. पत्र लिहिताना एक कराल? विंडोजमधलं ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीतलं मदरबोर्डचं मॉडेल मला कळवा. प्रोसेसर कुठवर वाढवता येईल हे तो बोर्ड ठरवतो, आणि अनेक पत्रांत नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

प्रश्न : बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे. कोअर आय-३ ४१३०, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. कोरलड्रॉमध्ये पत्रिकेची फाइल उघडायला लावली की मी चहा पिऊन येतो, तरी उघडलेली नसते. दुकानदार म्हणतो, २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका. टाकू का?

नका टाकू. पत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड या कामांना प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स पुरतं. तुमचा वेळ खातात ती हार्ड डिस्क आणि रॅम. ४ जीबीत विंडोज, कोरल आणि ब्राउझर एकत्र मावत नाहीत. मग जे मावत नाही ते विंडोज डिस्कवर ठेवतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. ती डिस्क आधीच संथ.

पहिला खर्च अडीच इंची साटा एसएसडीचा करा. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, घेऊ नका, त्याची सोय या बोर्डांवर सहसा नसते. एच८१ वर साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. बऱ्याच बोर्डांवर त्यांचे रंगही वेगळे असतात. एसएसडी ६ वाल्यालाच लावा. दुसरा खर्च डीडीआर३ रॅमचा. स्लॉट दोनच आहेत, म्हणून ४ जीबीची आणखी एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या.

प्रोसेसर शेवटी. या बोर्डावर सेकंडहँड आय-७ ४७७० बसतो. त्यात २ च्या जागी ४ कोअर मिळतात, पण एका कोअरचा वेग ३.४ वरून जेमतेम ३.९ गिगाहर्ट्झवर जातो. कोरलचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे एसएसडीने पडेल तेवढा फरक याने पडणार नाही. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत, तुमच्या बोर्डाची चौथी नाही. हे माहीत असू द्या आणि या मशीनवर बेताचाच पैसा घाला.

प्रश्न : श्रीरामपूरहून लिहितोय. मित्राकडून आरएक्स ५८० कार्ड घेतलं. गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी फटकन रीस्टार्ट होतो. कार्ड खराब निघालं का? पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर आलेला, ४५० वॅटचा आहे. फोटो पाठवले आहेत.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. पॉवर सप्लायच्या स्टिकरवर ‘४५० वॅट’ ठळक आहे, पण त्याखालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ ॲम्पिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. आरएक्स ५८० ची एकट्याची भूक १८५ वॅटची, म्हणजे प्रोसेसरला उरले सात. गेममध्ये कार्डाने जोर लावला की सप्लाय मान टाकतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. कार्ड चांगलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

दुसऱ्या फोटोने मात्र मला काळजीत टाकलं. कार्डाला ८-पिनची वायर हवी, ती तुमच्या सप्लायला नाही, म्हणून दोन जुने चार पिनांचे पांढरे प्लग एका जोडवायरीने एकत्र केलेत. त्यातल्या एका प्लगचं प्लास्टिक पिवळट तपकिरी पडलंय. ते उष्णतेने झालंय. ग्राफिक्सच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६-पिन वायरीतून आणखी ७५, ८-पिनमधून १५०. तेवढा प्रवाह त्या दोन जुन्या प्लगांतून ओढला की ते तापणारच. असाच वितळलेला प्लग मी एकदा एका मशीनमधून उपसून काढला होता. त्यात कार्ड वाचलं, मदरबोर्ड गेला.

तेव्हा आजपासून ते कार्ड लावू नका. स्वतःची ८-पिन वायर असलेला, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (हा वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ५५० वॅटचा सप्लाय घ्या. जुना सप्लाय उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेने भरलेले राहतात. आणि यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच झेपवतो. गेम चालू असताना वीज गेली की तोही टीं टीं करून बंद पडू शकेल.

प्रश्न : सर, मी नाशिकला अकरावीत आहे. रायझन ३ १२००, बी३५० बोर्ड, २ जीबीचं जीटीएक्स १०५०. पैसे एका वेळी एकाच वस्तूचे मिळतील. आधी प्रोसेसर घेऊ की कार्ड?

आधी मोजून बघ. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघड. ग्राफिक्सचा आकडा ९५ च्या वर चिकटून असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० वर लोंबकळतोय आणि प्रोसेसरचे चारही कोअर भरलेत, तर प्रोसेसर. दुसरी खूण म्हणजे गेमचं रिझोल्यूशन उतरवून बघ. फ्रेम वाढल्या नाहीत, तर नवं कार्ड आणूनही फारशा वाढणार नाहीत.

तुझ्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एएम४ आहे, हे तुझं नशीब. २०१७ च्या त्या बोर्डावर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बसू शकतो. ४ च्या जागी ६ कोअर, १२ थ्रेड, आणि वॅट तेवढेच, ६५. फक्त बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुझ्या मॉडेलच्या यादीत ५६०० आहे ना, ते बघ, आणि बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट कर. आधी प्रोसेसर बदललास तर स्क्रीन काळीच राहील. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. यूपीएस नसेल तर शेजारून मागून आण.

जुना प्रोसेसर काढण्याआधी पीसी पंधरा मिनिटं चालव, मग बंद करून वायर काढ. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट ऊबेने सैल होते. कूलर सरळ वर ओढू नकोस, आधी हलकेच डावी-उजवीकडे पिळून सुटा कर. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात. घट्ट चिकटलेल्या कूलरबरोबर तो सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे.

कार्डाची पाळी येईल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस. ते चारच लेनवर (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटांवर) चालतं आणि तुझ्या बोर्डावर त्या लेनही जुन्या, तिसऱ्या पिढीच्या. आरएक्स ६६०० चालेल, पण त्याला १३२ वॅट लागतात. वरचं श्रीरामपूरचं उत्तर वाचूनच सप्लाय तपास.

प्रश्न : एच११० बोर्डावर आय-५ ६५०० आहे. आय-५ ८४०० चं सॉकेटही ११५१ च आहे. बसेल ना?

बसेल, चालणार नाही. सॉकेटचं नाव एकच ठेवून इंटेलने आठव्या पिढीसाठी ३०० मालिकेचे चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) लागतील असं केलं. मलाही ते पटलेलं नाही. तुमच्या बोर्डावर बायोस अपडेट करून आय-७ ७७०० पर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही.

प्रश्न : सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. ऑफिसातून निघालेला डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२०, छोट्या डब्याचा, घेतला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला त्यात चांगलं कार्ड बसवायचंय. सोनीच्या कॅमेऱ्याचं ४के फुटेज अडखळत चालतं.

त्या डब्यात सप्लाय २५५ वॅटचा आहे आणि बोर्डाला जाणारा प्लग नेहमीच्या २४ पिनांचा नसून ८ पिनांचा आहे. बाजारातला सप्लाय सरळ जोडता येत नाही. म्हणजे वेगळी वायर न मागणारं, कमी उंचीचं कार्ड शोधायचं. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० या आकारात मिळतं आणि ७० वॅटमध्ये भागवतं. घेण्याआधी स्लॉटशेजारी किती मोकळी जागा आहे ते पट्टीने मोजा. यातली बरीच कार्डं दोन स्लॉट जाडीची असतात.

पण अडखळणं कदाचित त्यानेही थांबणार नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत रेकॉर्डिंग ‘४:२:२ १०-बिट’, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारं, आहे का बघा. एनव्हिडियाच्या कार्डांत हे फुटेज उलगडण्याची सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटपुरती ती अकराव्या पिढीपासून आहे. तुमच्याकडे चौथी. तोवर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून काम करा. रात्री दुकान बंद करताना प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी एडिटिंग सुरळीत चालेल आणि फायनल मूळ फुटेजमधूनच निघेल. एका पैशाचा खर्च नाही.

प्रश्न : ऑनलाइन जीटीएक्स १०५० टीआय फारच स्वस्तात दिसतंय. घेऊ, की मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घेऊ?

कुठूनही घ्या, पण हातात घेऊन, चालवून मगच पैसे द्या. या कार्डाच्या नावाने जुनी ५५० टीआय सारखी कार्डं बायोस बदलून विकली गेली आहेत. विंडोज त्यांना १०५० टीआय म्हणूनच दाखवतं. खऱ्या कार्डाच्या चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटच नाही, म्हणून मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं की शंका घ्यायचीच. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन जा. ते अशा बऱ्याच कार्डांच्या नावाआधी सरळ ‘फेक’ असं लिहून दाखवतं. मग वीस मिनिटं जड काहीतरी चालवा आणि पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके येतात का पाहा.

खरं कार्ड असलं तरी एक गोष्ट लक्षात घेऊन भाव करा. १०५० टीआय ज्या पिढीचं आहे, तिला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२५ च्या अखेरीस थांबवलं. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. विकणारा हे सांगणार नाही, तुम्हीच त्याच्यासमोर काढा.